पंप नंबर दोनची मोटर: रिवाइंड करायची की नवी घ्यायची?

मोटर जळाली की आमच्याकडे तासाभरात दोन पक्ष तयार होतात. एक म्हणतो, रिवाइंडला (आतली जळालेली तार काढून नवी भरायला) टाका, चार दिवसांत परत येईल. दुसरा म्हणतो, किती वेळा तीच तीच मोटर भरत बसणार, नवी घ्या. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं असतात आणि दोघांकडेही सांगायला आपापले दाखले असतात. मी बरीच वर्षं पहिल्या पक्षात होते. मोटर गाडीत चढवली की माझ्या टेबलावरचा प्रश्न संपायचा, म्हणून. मी सावकाश विचार करायला शिकले ते कूलिंग वॉटरच्या पंप नंबर दोनच्या मोटरमुळे. त्या तीन आठवड्यांत जे केलं, जिथे चुकले आणि जे आकडे हाती आले, ते लिहून ठेवते आहे.

मोटर साधीच होती: ७५ किलोवॅट, चार पोल, २८०ची फ्रेम, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणारा), नेमप्लेटवर १३४ अँपिअर आणि १४७५ आरपीएम. असे तीन पंप आहेत. दोन चालतात, एक राखीव. पहाटे दोन नंबर बंद पडल्यावर ऑपरेटरने तीन नंबर चालू केला आणि उत्पादनाला धक्का लागला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण राखीव पंप नसता तर विचार करायला वेळच मिळाला नसता. जी मिळेल ती मोटर, जो लवकर देईल त्याच्याकडून, असंच झालं असतं.

सकाळी टर्मिनल बॉक्स उघडून लिंक काढल्या, सहाही टोकं मोकळी केली आणि मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावला. दोन फेज २०० मेगओहमच्या वर, तिसरा फेज थेट शून्य. नेहमीच्या सवयीने मी गेटपास लिहायला घेतला. तेवढ्यात आमच्या इलेक्ट्रिशियनने मशीनचं कार्ड समोर ठेवलं. हीच मोटर याआधी दोनदा भरून आली होती आणि दोन्ही वेळा कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: "जळाली."

"जळाली" हे कारण नव्हे. मोटर कशाने मेली हे कळल्याशिवाय ती दुरुस्त करायची की बदलायची हा प्रश्न विचारताच येत नाही. जे पहिलीला झालं तेच नवीलाही होणार. म्हणून गेटपास बाजूला ठेवला आणि मोटर आमच्याच वर्कशॉपमध्ये उघडली.

एन्ड कव्हर काढून रोटर, म्हणजे फिरणारा भाग, बाहेर घेतला आणि टॉर्च आत धरला. वाइंडिंगच्या टोकांकडे नुसतं पाहिलं तरी बरंच समजतं. सगळं वाइंडिंग सारखंच काळपट झालेलं असेल तर ओव्हरलोड, हवा अडकणं किंवा पंखा तुटणं. एकाच ठिकाणी तांबं वितळून खड्डा पडलेला असेल आणि बाकी कॉइल नव्यासारख्या असतील तर त्या जागी इन्सुलेशन फुटलेलं. आमच्या मोटरमध्ये तिसराच नमुना होता. कॉइलचे चार गट कोळशासारखे काळे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, आणि मधले बाकीचे गट अगदी ताजे, वार्निशची चमकसुद्धा शाबूत. चार पोलच्या मोटरमध्ये एका फेजचे चार गट असतात, म्हणजे एकच फेज पूर्ण जळाला होता. डेल्टात चालणाऱ्या मोटरमध्ये एक फेज जळून दोन वाचले, की पहिला संशय सिंगल फेजिंगचा, म्हणजे एक लाइन तुटून मोटर उरलेल्या दोनवरच चालल्याचा, घ्यायचा. स्टारमध्ये उलटं होतं: दोन जळतात आणि एक वाचतो.

आता पॅनल उघडणं भाग होतं. मधल्या फेजचा एचआरसी (मोठा करंट तोडू शकणारा) फ्यूज उडालेला सापडला. फ्यूज बेसच्या पकडीचा ताण गेलेला, तांब्याचा रंग उतरलेला, म्हणजे ती जागा महिनोन्महिने तापत असणार. कंट्रोल सप्लाय उरलेल्या दोन फेजवर होता, त्यामुळे कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) सुटला नाही आणि मोटर दोन फेजवर घरघरत राहिली. पण त्यासाठीच तर ओव्हरलोड रिले (करंट मर्यादेबाहेर राहिला की मोटर बंद करणारा) असतो. तो का पडला नाही?

याचं उत्तर मिळाल्यावर मी काही वेळ पॅनलसमोर नुसती उभी राहिले. रिले ११० अँपिअरवर लावलेला होता. कधीतरी कोणीतरी क्लॅम्प मीटर लावून लाइनचा करंट पाहिला असणार, तो ११० आला असणार आणि तोच आकडा रिलेवर लावला असणार. पण आमच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले लाइनमध्ये नाही, फेजच्या वाटेत आहे, आणि तिथे लाइनच्या करंटचा ५८ टक्केच भाग वाहतो. नेमप्लेटच्या १३४ अँपिअरला सेटिंग हवं होतं ७८.

मग कागद घेऊन हिशेब मांडला. आमच्या नेहमीच्या लोडवर लाइनमध्ये ११० अँपिअर, म्हणजे प्रत्येक फेजमध्ये साधारण ६३. एक लाइन गेली की उरलेल्या दोन लाइनमधला करंट ढोबळमानाने १.७३ पट होतो, १९०च्या आसपास. त्याचे दोन तृतीयांश एकाच फेजमधून जातात आणि एक तृतीयांश उरलेल्या दोन फेजच्या जोडीतून. म्हणजे दोन फेजना नेहमीचेच ६३ अँपिअर आणि तिसऱ्याला दुप्पट, १२७. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून त्या एका फेजमध्ये चौपट उष्णता. दोन फेज ताजे का राहिले याचा खुलासा इथे झाला. ७८वर लावलेला रिले १२७ अँपिअरला काही मिनिटांत पडला असता. ११०च्या सेटिंगला १२७ म्हणजे जेमतेम १.१५ पट, आणि इतक्या थोड्या जास्तीवर असा रिले दोन तासांतही पडेल याची खात्री देता येत नाही. शिवाय तो जुन्या पद्धतीचा होता, फेज गेल्याचं वेगळं ओळखण्याची सोय त्यात नव्हती.

त्याच दुपारी एक आणि तीन नंबरचे रिले पाहिले. तिथेही ११०च. दोन्ही चालू मोटरी इतके दिवस संरक्षणाशिवायच चालल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तिन्ही पॅनलमध्ये सेटिंग बदललं, फेज फेल्युअर रिले मागवले आणि फ्यूज बेस बदलायला काढले. यात नवी मोटर घ्यायची की जुनी भरायची हा प्रश्न अजून आलाही नव्हता, तरी त्या तीन आठवड्यांतलं सगळ्यात मोलाचं काम हेच झालं असं मला आजही वाटतं.

मोटर मग रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये नेली आणि या वेळी मी स्वतः सोबत गेले. तिथले मुख्य वाइंडर वयाने मोठे, कमी बोलणारे. त्यांनी जळालेल्या कॉइलकडे एक नजर टाकली आणि स्टेटरच्या (मोटरच्या स्थिर भागाच्या) पत्र्यांवरून बोट फिरवत राहिले. "मॅडम, तार आम्ही कितीही वेळा भरू. कोअर परत भरता येत नाही. आधी तिचं बघू."

कोअर म्हणजे एकमेकांवर रचलेले पातळ पत्रे. प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा बारीक थर असतो, म्हणून कोअरमध्ये उलटसुलट करंट फिरत नाहीत आणि ती तापत नाही. जुनं वाइंडिंग काढायला वार्निश जाळावं लागतं. ते भट्टीत, तापमानावर नजर ठेवून जाळलं तर पत्र्यांना काही होत नाही. यांच्या भट्टीत कोअरलाच तापमापक लावलेला होता आणि ती ३७० अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. पण घाई असेल तिथे गॅसच्या बर्नरने जाळतात. कुठे तीनशे अंश, कुठे सहाशे, कोणी मोजत नाही. जिथे जास्त तापलं तिथे पत्र्यांमधला थर गेला आणि पत्रे आतून एकमेकांना चिकटल्यासारखे झाले. मोटर भरून येते, चालते, मेगरही छान दाखवतो. फक्त ती आधीपेक्षा जास्त तापते आणि जास्त वीज खाते. हे कुठल्याच बिलावर वेगळं लिहून येत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही.

रिवाइंड केलेली मोटर नेहमीच जास्त वीज खाते, असं मी अनेकांकडून ऐकत आले होते आणि मीही तसंच सांगायचे. ते सरसकट खरं नाही. २००३मध्ये ईएएसए आणि एईएमटी या मोटर दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या दोन संघटनांनी नॉटिंगहॅम विद्यापीठात मोटरी रिवाइंडच्या आधी आणि नंतर तपासून घेतल्या होत्या. भट्टीचं तापमान सांभाळलं, तारेची जाडी आणि वेढे मूळचेच ठेवले, कॉइलची टोकं विनाकारण लांब सोडली नाहीत, तर कार्यक्षमता जवळपास तेवढीच राहते, असं त्यात दिसलं. तेव्हा प्रश्न रिवाइंड करावं का एवढाच नाही. कोण करतंय, कसं करतंय आणि याआधी कोणी केलं होतं, हेही त्यात येतं.

आमच्या मोटरच्या बाबतीत शेवटचा भागच नडला. वाइंडरांनी कोअरची चाचणी लावली. जाड केबलचे काही वेढे स्टेटरच्या पोटातून आणि बाहेरून घ्यायचे, त्यात करंट सोडून कोअरमध्ये मोटर चालताना असतो तेवढा फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) तयार करायचा आणि थर्मल कॅमेरा घेऊन वाट पाहायची. चांगली कोअर सगळीकडे सारखी कोमट होते. दहा अंशांपेक्षा जास्त फरकाचा ठिपका दिसला तर तिथे बिघाड, हे त्यांचं माप. अर्ध्या तासानंतर आमच्या स्टेटरमध्ये एका बाजूला सात-आठ दात (कॉइलच्या खाचांमधले कोअरचे उंचवटे) शेजारच्यांपेक्षा २४ अंशांनी गरम होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो पांढरा पट्टा दिसला आणि काही बोलायची गरज उरली नाही. याआधीच्या दोनपैकी कुठल्या तरी वेळी तिथे बर्नर जास्त वेळ थांबला असणार.

त्यांनी बेअरिंगची घरंही मोजून दाखवली. पुढच्या बाजूला ६३१७ बेअरिंग, म्हणजे बाहेरचा व्यास १८० मिलिमीटर. कव्हरमधली जागा ०.०९ मिलिमीटरने मोठी झाली होती. तिथे अधिकात अधिक २५ ते ४० मायक्रॉन चालतात, हे ९० होते. बेअरिंगची बाहेरची रेस (कडी) कव्हरमध्ये फिरत होती. स्लीव्ह टाकून हे दुरुस्त होतं, त्यात अवघड काही नाही. पण कोअर, स्लीव्ह, वाइंडिंग आणि दोन बेअरिंग अशी बेरीज व्हायला लागली की दुरुस्तीचं पारडं हळूहळू वर जातं.

"भरून द्या म्हणालात तर एच क्लासमध्ये (जास्त तापमान सोसणाऱ्या इन्सुलेशनमध्ये) भरून देतो, चालेल," ते म्हणाले. "पण त्या गरम दातांमधल्या कॉइल पुन्हा तुमच्याच हातात येतील." स्वतःचं काम जात असताना हे सांगणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. इन्सुलेशनचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं, हा नियम आम्ही सगळेच तोंडपाठ म्हणतो. त्या दिवशी तो समोर पडद्यावर दिसला.

तरी मी लगेच नवी मागवली नाही. वरिष्ठांपुढे हिशेब न्यायचा होता आणि मला स्वतःलाही तो पाहायचा होता. बदली चालू असलेल्या तीन नंबरच्या तशाच मोटरला पॉवर अॅनालायझर लावून दिवसभर नोंद घेतली. सरासरी ६४.७ किलोवॅट वीज आत जात होती. मोटर इतकी जुनी की नेमप्लेटवर आयई (कार्यक्षमतेचा आंतरराष्ट्रीय) वर्गच नव्हता, म्हणून मी ती आयई१ धरली. या आकाराच्या चार पोल मोटरला आयई१ची कार्यक्षमता ९२.७ टक्के असते आणि आयई३ची ९५. म्हणजे शाफ्टवर जवळजवळ ६० किलोवॅट. तेच काम आयई३ मोटर ६३.१३ किलोवॅटमध्ये करेल, फरक साधारण १.५७ किलोवॅट. नवी मोटर आली तर पाळीपाळीने चालवण्याऐवजी तिलाच सर्वाधिक तास द्यायचे असं ठरवून वर्षाचे ८,००० तास धरले. वर्षाला साडेबारा हजार युनिटची बचत.

एक आकडा त्याच कागदावर शेजारी लिहिला होता आणि तो मला अजून आठवतो. ही मोटर वर्षभरात पाच लाखांहून जास्त युनिट वीज खाते. नवी मोटर महाग की रिवाइंडिंग स्वस्त, यावर आम्ही जेवढं भांडतो, त्या मानाने मोटरची खरेदी म्हणजे तिच्या आयुष्यभराच्या विजेपुढे अगदी लहान रक्कम असते.

मी तो हिशेब पाठवून दिला आणि रात्री लक्षात आलं की तो चुकीचा आहे.

जास्त कार्यक्षम मोटरची स्लिप (फिरत्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा रोटर जेवढा मागे राहतो तो फरक) कमी असते, म्हणून ती किंचित वेगाने फिरते. आमची जुनी मोटर त्या लोडवर १४८० आरपीएमने फिरत होती. नव्या मोटरच्या डेटाशीटवरून तिचा वेग त्याच लोडवर १४८८ येत होता. आठ फेऱ्यांचा फरक. कन्व्हेयर असता तर मी सोडून दिला असता. पण सेंट्रिफ्युगल पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. १४८८ भागिले १४८०, त्याचा घन केला की १.६ टक्के वाढ. शाफ्टवर ६०च्या जागी ६१ किलोवॅट, म्हणजे आत ६४.२. बचत १.५७वरून अर्ध्या किलोवॅटवर आली. वर्षाच्या साडेबारा हजारांतले आठ हजारांहून अधिक युनिट नुसत्या त्या आठ फेऱ्यांनी खाल्ले असते. पंप थोडं जास्त पाणी देईल हे खरं, पण आम्हाला ते जास्त पाणी नको होतं. डिस्चार्जचा व्हॉल्व्ह आम्ही आधीच थोडा दाबून ठेवला होता.

सकाळी मी हिशेब मागे घेतला आणि कारणासकट नवा पाठवला. उपाय पंपाच्याच बाजूला होता. इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) ४०० मिलिमीटर व्यासाचा. वेगाची भरपाई करायला व्यास दोन मिलिमीटरने कमी करणं पुरेसं होतं, पण व्हॉल्व्ह दाबलेलाच असल्यामुळे पंपवाल्या सहकाऱ्यांशी बसून, कर्व्ह पाहून, पाच मिलिमीटर उतरवायचं ठरलं. इंपेलर उतरवल्यावर बॅलन्सिंग करून घेतलं. व्हॉल्व्ह त्यानंतर बराच उघडता आला.

तेव्हापासून पंप, पंखा किंवा ब्लोअरच्या मोटरचा प्रस्ताव समोर आला की मी आधी आरपीएम विचारते. बचतीचा टक्का नंतर.

मोटर मागवताना बाकी गोष्टी फार अवघड नव्हत्या, पण प्रत्येक तपासावी लागली. शाफ्टची उंची आणि व्यास जुळत होते, पायांची भोकं जुळत होती, पण टर्मिनल बॉक्स दुसऱ्या बाजूला येत होता आणि केबल तिथपर्यंत पोचत नव्हती. तो बाजू बदलून मागवला. आयई३ आणि त्यापुढच्या मोटरींचा सुरुवातीचा झटका जुन्या मोटरींपेक्षा मोठा असू शकतो हे वाचलं होतं, तरी ब्रेकरचं मॅग्नेटिक सेटिंग (अचानक मोठ्या करंटला तो कधी पडायचा ते) बदलायचं राहिलं. पहिल्या स्टार्टला स्टारमधून डेल्टात जाताना ब्रेकर पडला. नवी मोटर सदोष आली की काय म्हणून तासभर सगळ्यांचे चेहरे उतरले होते. सेटिंग डेटाशीटप्रमाणे केलं आणि ती चालू झाली.

आठवड्याभराने अॅनालायझर पुन्हा लावला. ६२ किलोवॅटच्या आसपास. यातला मोठा वाटा इंपेलरचा, छोटा मोटरचा, आणि मी अहवालात तसंच लिहिलं. सगळी बचत नव्या मोटरच्या नावावर टाकली असती तर पुढच्या माणसाने कन्व्हेयरच्या मोटरीही त्याच आशेने बदलल्या असत्या.

त्याच महिन्यात उलटं उदाहरण समोर आलं. ओव्हरहेड क्रेनच्या होइस्टची मोटर जळाली. तिचा रोटर शंकूच्या आकाराचा असतो. वीज मिळाली की रोटर अक्षावर सरकतो आणि ब्रेक सुटतो, वीज गेली की स्प्रिंगने मागे जाऊन ब्रेक लागतो. अशी मोटर कपाटातून उचलून आणता येत नाही, नवी यायला कित्येक आठवडे लागणार होते. आणि ही वर्षाकाठी चालते किती, तर काही शे तास. तिथे कार्यक्षमतेचा दोन-तीन टक्क्यांचा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. ती रिवाइंड करायची हे दहा मिनिटांत ठरलं.

पण काम कसं करायचं यावर या वेळी मी बरोबर बसले. जुनं वाइंडिंग कापण्याआधी त्याची पूर्ण नोंद झाली: स्लॉट किती, कॉइलचा पिच, प्रत्येक कॉइलचे वेढे, एकत्र किती तारा, जोडणी कशी. तारेची जाडी इनॅमल काढून मायक्रोमीटरने मोजली. कॉइलच्या टोकांची लांबी पट्टीने मोजली. हे सगळं कागदावर असेल तर मोटर जशी होती तशी परत येते. हवी ती तार मिळाली नाही म्हणून एक नंबर बारीक तार टाकली की मोटर चालते, पण गरम होते, आणि एक-दोन उन्हाळ्यांत पुन्हा वर्कशॉपला येते. भट्टीत जायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा कोअरची चाचणी घेतली. आकड्यांत फरक नव्हता. वार्निश व्हॅक्यूमखाली दिलं. ती मोटर आजही त्याच क्रेनवर आहे.

या दोन मोटरींनंतर मी वरिष्ठांना सुचवलं की पुढचा निर्णय मोटर जळण्याची वाट न पाहता आत्ताच घेऊ. कारखान्यातल्या सगळ्या मोटरींची यादी करायला आम्हाला अडीच महिने लागले. नेमप्लेट, वर्षाचे तास, मोजलेला लोड, याआधी कितीदा भरली, काय चालवते, राखीव आहे का, नवी यायला किती दिवस. मग प्रत्येक मोटरवर एक पत्र्याची पट्टी लावली: हिरवी म्हणजे जळाली तर रिवाइंड, लाल म्हणजे जळाली तर बदला.

लहान, सहज मिळणाऱ्या साध्या मोटरींवर फार चर्चा झाली नाही, त्या लाल. वर्षभर चालणाऱ्या मधल्या आकाराच्या पंपांच्या आणि पंख्यांच्याही बहुतेक लाल, फक्त शेजारी वेगाची नोंद. खास बनावटीच्या, कमी तासांच्या आणि खूप मोठ्या मोटरी हिरव्या. स्फोटक वातावरणातल्या मोटरींना वेगळी पट्टी लावली. त्यांची दुरुस्ती आयईसी ६००७९-१९ या मानकाप्रमाणे करणाऱ्या वर्कशॉपकडेच पाठवायची, नाहीतर प्रमाणपत्र तिथेच संपलं. काम दिलेल्या वर्कशॉपने कोअरच्या चाचणीचा कागद दिला नाही तर बिल मंजूर करायचं नाही, ही ओळ सगळ्या हिरव्या मोटरींच्या कार्डावर छापली.

यादी करताना दोन मोटरी अशा सापडल्या, ज्यांचा प्रश्न दुरुस्तीचाही नव्हता आणि बदलण्याचाही नव्हता. एक धुलाईच्या विभागातली. मेगर अर्धा मेगओहम दाखवत होता, म्हणून "गेलेली" म्हणून कोपऱ्यात पडून होती. ती नुसती ओली होती. हळूहळू उष्णता देऊन दोन दिवस वाळवली, शंभर मेगओहमच्या वर गेली आणि परत कामाला लागली. दुसरी व्हीएफडीवरच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवरच्या) पंख्याची. तिची बेअरिंग तीनदा बदलली होती आणि नवी मोटर घ्यायची असं जवळजवळ ठरलं होतं. जुनं बेअरिंग कापून पाहिलं तर रेसवर धुण्याच्या फळीसारख्या बारीक आडव्या रेघा. ड्राइव्हमुळे शाफ्टवर येणारा व्होल्टेज बेअरिंगमधून जमिनीकडे जात होता. मागचं बेअरिंग इन्सुलेटेड घातलं, पुढे शाफ्टला ग्राउंडिंग रिंग बसवली. नवी मोटर आणली असती तर तिच्याही रेसवर तशाच रेघा पडल्या असत्या.

एका मोटरवर अजून पट्टी नाही. मिलची जुनी स्लिप रिंग मोटर, रोटरमध्येही वाइंडिंग, जड सुरुवात, वर्षभर चालणारी. बदलली तर फाउंडेशनपासून स्टार्टरपर्यंत सगळं बदलावं लागेल. ठेवली तर ब्रश, रिंगा आणि आता तिशी ओलांडलेलं इन्सुलेशन. तिच्या कार्डावर मी पेन्सिलने "हिरवी?" असं लिहून ठेवलं आहे. पुढच्या शटडाउनला रोटर बाहेर निघेल तेव्हा कोअरला केबलचे वेढे घालून अर्धा तास कॅमेरा धरायचा आहे. वाइंडरांना आत्तापासूनच ती तारीख कळवून ठेवली आहे.